पिठाचा कोंबडा आणि मिग-२१

२०२५ च्या सप्टेंबरची २६ तारीख. आमच्या घरी त्या दिवशी सकाळीच टीव्ही लागला. एरवी चातुर्मासात सकाळी टीव्ही लावलेला अक्कांना खपत नाही. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पण त्या दिवशी दादा आंघोळ, दर्शन आटोपून खुर्ची ओढून टीव्हीसमोर जे बसले ते उठलेच नाहीत. चंदीगडला मिग-२१ विमानांना हवाई दल अखेरचा निरोप देत होतं. हवाई दलप्रमुख स्वतः विमान घेऊन वर गेले होते. उडणाऱ्यांमध्ये प्रिया शर्मा ही स्क्वाड्रन लीडर मुलगीही होती. विमानं उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडाले, तेव्हा दादांनी चष्मा काढून पुसला. अक्का दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "संपलं एकदाचं. बरं झालं."

दादा काही बोलले नाहीत.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. बेळगावात आयटीआय करून १९७१ च्या लढाईच्या आधी वर्षभर ते नाशिकजवळच्या ओझरला विमानाच्या कारखान्यात लागले. सगळी नोकरी तिथेच झाली. पंखांच्या शॉपमध्ये रिव्हेट मारण्यापासून सुरुवात केली आणि पर्यवेक्षक होऊन रिटायर झाले. मग दोघंही बेळगावच्या वाड्यात परत आली. आता दादांची पंचाहत्तरी उलटली आहे आणि उजवा हात कापतो.

दिवाळीला त्यांचा मुलगा परदेशातून आला तो एक भला मोठा खोका घेऊन. आत मिग-२१ चं प्लास्टिकचं मॉडेल होतं, सुटे भाग स्वतः जोडून, रंगवून करायचं. वडिलांचा वेळ जाईल म्हणून त्याने आणलं. खोक्यावरचं चित्र पाहून दादांचा चेहरा असा उजळला, की मला कितीतरी वर्षांनी ओझरचे दादा दिसले.

अक्कांनी मात्र खोका सोप्यातच अडवला. "हे मारायचं यंत्र घरात कशाला? तेही चातुर्मासात?"

"अगं, प्लास्टिकचं आहे ते," दादा म्हणाले.

"असू दे की. यशोधर राजाचा कोंबडा तरी कुठे खरा होता?"

यावर आम्ही सगळेच गप्प झालो. ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उज्जैनीच्या यशोधर राजाला अशुभ स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा जीव घ्यायला तयार होईना. मग मायलेकांनी मधला मार्ग काढला, पिठाचा कोंबडा केला आणि त्याचाच बळी दिला. पण मारण्याचा भाव मनात होता, म्हणून त्या पिठाच्या कोंबड्यासाठी दोघांना पुढे कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची आणि जन्न कवीने कन्नडमध्ये 'यशोधरचरिते' लिहिलं ते १२०९ साली. म्हणजे ही कथा आपल्या भागात कमलबस्तीच्या दगडांइतकी मुरलेली आहे. अक्कांनी ती लहानपणी आजीकडून ऐकली, मी माझ्या आजीकडून.

तेव्हा अक्कांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नकली वस्तू म्हणून तिचा दोष लागत नाही, असं आपल्या धर्माने कधीच म्हटलेलं नाही.

शेवटी तह झाला. अक्कांनी दोन अटी घातल्या. विमानाला क्षेपणास्त्रं, बॉम्ब, रॉकेटं काही लावायचं नाही. आणि काम माडीवर करायचं, खाली देवघराच्या बाजूला आणायचं नाही. दादांनी दोन्ही मान्य केल्या. हात कापतो म्हणून मदतीला मी. रांगोळी, भरतकाम, पर्युषणात मंडळाचे फलक रंगवणं एवढंच माझं शिक्षण. त्या जोरावर मी विमान रंगवायला बसले.

मॉडेलच्या खोक्यावर १/३२ असं लिहिलेलं होतं. म्हणजे खऱ्या विमानाच्या ३२ इंचांना इथे एक इंच. खरं मिग-२१ नाकावरची लांब दांडी सोडून साधारण साडेचौदा मीटर लांब, तर आमचं ४५ सेंटिमीटर. खऱ्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, आमचे वीतभर. बाजारात जास्त चालतात ती १/७२ ची मॉडेलं. त्या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, म्हणून ते माप सोयीचं. याच मापाची एक गोष्ट मी नंतर वाचली. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना लाकडाची पाच लाख मॉडेल विमानं करून द्यायला सांगितलं होतं. आपलं विमान कोणतं, शत्रूचं कोणतं, हे सैनिकांना लांबून आकारावरून ओळखता यावं यासाठी. सगळी काळ्या रंगात रंगवायची, कारण आभाळात विमान काळंच दिसतं. हे मी अक्कांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोका परत बांधावा लागला असता.

पहिल्या दिवशी दादांनी प्लास्टिकच्या चौकटी टेबलावर मांडल्या. भाग चौकटीला बारीक देठांनी चिकटलेले असतात. कैचीने देठ कापायचा, मग कानशीने घासून खूण काढायची. गवारीची शीर काढावी तसं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही खरं विमान केलंत, आता हे खेळणं."

ते म्हणाले, "अगं, आमचंही सुरुवातीला किटच होतं."

आणि मग रोज दुपारी दोन तास, भाग घासता घासता, त्यांनी मला जे सांगितलं आणि मी पुढे वाचून ताडून पाहिलं, तो हा इतिहास.

१९६१ च्या सुमाराला पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ ही आवाजाच्या दुप्पट वेगाची विमानं मिळाली. आपल्याकडे त्या तोडीचं काही नव्हतं. पाश्चात्त्य देशांकडून विमान मिळालं तरी ते इथे बनवायची परवानगी मिळेना. सोव्हिएत रशिया ती द्यायला तयार झाला आणि १९६२ साली करार झाला. १९६३ मध्ये पहिली मिग-२१ चंदीगडला आली. २८ नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यासाठी उभी केली, तिचे प्रमुख विंग कमांडर दिलबाग सिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले.

विमान बनवायचं काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि आतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. ओझरचा कारखाना १९६४ सालचा. आधी रशियातून तयार मोठे भाग यायचे आणि इथे नुसते जोडायचे. मग छोटे भाग यायला लागले. मग कच्चा माल आला आणि सगळं इथेच घडवायला लागलो. "स्वयंपाकच की," दादा म्हणाले. "आधी तयार पीठ, मग गहू, मग शेत." अशी टप्प्याटप्प्याने पुढची वीसेक वर्षं सहाशेहून जास्त मिग-२१ एकट्या ओझरमधून बाहेर पडली.

गावोगावची माणसं तिथे होती. वसाहतीत मराठी, कानडी, बंगाली, पंजाबी बायका एकाच नळावर. अक्कांचं सगळं तरुणपण तिथलं. चाचणीसाठी विमान वर गेलं की पापडाची चळत हलायची, असं त्या सांगतात. तान्ह्या पोराचे कान त्या दोन्ही हातांनी झाकून धरायच्या. त्या आवाजाने घर चालत होतं हेही त्या विसरत नाहीत.

मग १९७१ चं युद्ध. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मिग-२१ विमानांनी ढाक्याजवळच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी निकामी केली. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर बैठक चालू असताना मिग-२१ ची रॉकेटं पडली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. दोन दिवसांनी, १६ तारखेला, ढाक्यात शरणागती झाली आणि बांगलादेश मोकळा झाला. त्या वर्षात तिथे बायकांवर जे अत्याचार झाले ते आठवलं की ती शरणागती लवकर झाली याचं समाधान वाटतंच. दादा तेव्हा विशीतले. "शॉपमध्ये लाडू वाटले. आपण मारलेला रिव्हेट तिथे जाऊन आला असं वाटायचं," ते म्हणाले.

विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग आम्ही त्या दिवशी चिकटवले. मिग-२१ म्हणजे मुळात एक लांब नळी. तोंडातून हवा आत, शेपटीतून आग बाहेर, आणि मध्ये माणूस बसवलेला. दोन भाग जोडले की पाठीवर सांधा दिसतो. तो भरायचा, वाळू द्यायचा, ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, परत भरायचा. चार दिवस माझं तेवढंच काम. नख फिरवलं तर कळू नये इतकं गुळगुळीत झालं पाहिजे, असा दादांचा हुकूम.

पाचव्या दिवशी मी तो प्रश्न विचारला जो आमच्या घरात कुणी विचारत नाही. "दादा, इतकी पडली कशी?"

बराच वेळ त्यांनी कानस फिरवली. मग म्हणाले, "सगळी आमच्या हातची नव्हेत. पण काही असतीलच की."

आकडे असे आहेत. एप्रिल २०१२ पर्यंतचा हिशोब संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिला. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मेले. यात मिगच्या इतरही जाती आल्या, पण सर्वांत जास्त संख्या मिग-२१ चीच होती. वर्तमानपत्रांनी तिला उडती शवपेटी म्हटलं.

कारणं एकच नव्हती. इंजिन एकच, ते बंद पडलं की दुसरा आधार नाही. पंख छोटे आणि त्रिकोणी, त्यामुळे उतरतानाही वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या वर. पक्षी धडकायचे. सोव्हिएत रशिया १९९१ साली फुटल्यावर सुटे भाग मिळणं अवघड झालं. आणि सर्वांत मोठं कारण शिक्षणाचं. मुलं संथ विमानावर शिकायची आणि एकदम मिगवर बसायची. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, म्हणजे शिकवायचं आधुनिक जेट विमान घ्यावं, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ साली केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. मधल्या सव्वीस वर्षांत किती मुलं वर गेली, याचा विचार करून मी त्या रात्री झोपू शकले नाही.

त्यांतलं एक नाव आपल्या मराठी घरांना ठाऊक आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानातल्या सुरतगडहून रात्री उड्डाण केलं आणि मिग-२१ कोसळलं. त्याचे वडील स्वतः वैमानिक. आई कविता गाडगीळ. मुलाची चूक होती, असं ऐकून घेऊन ही बाई घरात बसली नाही. तिने अपघातांची माहिती गोळा केली, प्रश्न विचारले, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षिततेसाठी संस्था काढली. विमानशास्त्र न शिकलेली आई तज्ज्ञांना विचारत होती, की माझ्या मुलाला ज्यावर बसवलंत ते धड होतं का? हा प्रश्न विचारायला आईपेक्षा जास्त अधिकार कुणाला असतो?

आणि ८ मे २०२३. राजस्थानच्या हनुमानगड जिल्ह्यात बहलोलनगर गावात मिग-२१ एका घरावर पडलं. वैमानिक छत्रीने वाचला. घरातल्या आणि आसपासच्या तीन बायका गेल्या. सकाळच्या कामात असतील. त्यांचा त्या विमानाशी काय संबंध होता?

हे सगळं दादा माझ्याकडून ऐकत होते. त्यांना तारखा माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. म्हणाले, "बातमी आली की शॉपमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही. नंबर कळला की एकेक जण रजिस्टर बघायला जायचा. आपल्या वेळचं आहे का ते. मी तुझ्या अक्काला कधी सांगितलं नाही."

जिन्यात पावलं वाजली. अक्का ताक घेऊन वर येत होत्या. त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही. भांडं ठेवलं आणि पहिल्यांदाच तिथे टेकल्या. "तुम्ही नसतं सांगितलं तरी मला कळायचं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही जेवायचा नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून अक्का माडीवर येऊन बसायला लागल्या. हात लावत नव्हत्या, पण बघत होत्या.

आता रंग. मॉडेल करणारे लोक एखादं ठरावीक विमान निवडतात. त्याचा नंबर, त्याची स्क्वाड्रन, त्याची चिन्हं, सगळं तंतोतंत. नंबराची चित्रं खोक्यात असतात, पाण्यात भिजवली की कागदावरून सुटतात आणि विमानावर सरकवून बसवायची. मुलाने आपल्या हवाई दलाच्या नंबरांचा वेगळा कागद मागवला होता. मी दादांना विचारलं, कोणता नंबर लावायचा?

दादांनी कागद हातात धरला. हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. प्रत्येक नंबर म्हणजे एक विमान, आणि त्या विमानाचं पुढे काय झालं ते बहुतेक त्यांना ठाऊक. एखादं ढाक्याला जाऊन आलेलं, एखादं रिटायर होऊन चौकात उभं असलेलं. एखादं परत न आलेलं. त्यांनी कागद पाकिटात घातला. "नंबर नको. शॉपमधून बाहेर पडतं तसं करू. नुसतं धातूचं."

नुसता धातूचा रंग सर्वांत अवघड, हे मला तेव्हा कळलं. हिरव्या-मातकट रंगाखाली चूक झाकते, चंदेरीखाली उघडी पडते. आधी सगळ्या विमानाला चकचकीत काळा रंग दिला. तो दोन दिवस वाळू दिला. त्यावर फवाऱ्याने ॲल्युमिनियमचे पातळ थर, एकावर एक. प्रत्येक पत्रा किंचित वेगळ्या छटेचा असतो, म्हणून चिकटपट्टीने शेजारचा भाग झाकून एकेक पत्रा पुन्हा फवारला. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं, कारण तिथे धातू नसतो, धातूतून रेडारच्या लहरी जात नाहीत. आतली वैमानिकाची जागा हिरवट निळी. शेपटीकडे जिथून आग बाहेर पडते तिथे तपकिरी आणि निळसर झाक, दुधाचं पातेलं करपल्यावर येते तशी. ती मी अंदाजाने केली आणि दादा म्हणाले, "बरोबर."

एक चूक झाली. रंग वाळला असं समजून मी पंख उचलला आणि माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, अगदी रेषांसकट. मी रडकुंडीला आले. घासून पुन्हा रंगवू म्हटलं. दादांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. खऱ्यावरही असायचे. आम्ही पुसायचो, पण असायचे."

त्या दिवशी अक्कांनी आपल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधायला घेतलं. आपल्यात हिंसेचे चार प्रकार सांगतात. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होणारी उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडावी, बाकीच्या होईल तितक्या कमी कराव्यात. अक्का म्हणाल्या, "यांची उद्योगी झाली. उडवणाऱ्या पोरांची विरोधी. पण ज्यांनी सव्वीस वर्षं पोरांना पायरी दिली नाही, त्यांची कोणती?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनी कुणाला मारायचं ठरवलं नव्हतं, म्हणून संकल्पी म्हणता येत नाही. पण आपल्याकडे प्रमादालाही, म्हणजे बेपर्वाईलाही, हिंसेचं मूळ मानलं आहे. मला वाटतं उत्तर तिथे आहे. आणि ते फक्त सरकारला नाही, आपल्यालाही लागू पडतं. सैन्याच्या विजयाचे लाडू आपण वाटून खाल्ले, पण ती पोरं कशावर बसून वर जातात हे आपण किती बायकांनी विचारलं? एका आईने विचारलं, तेही मुलगा गेल्यावर.

आणि पिठाचा कोंबडा? यशोधराने तो मारण्यासाठी केला. दादांनी हे विमान आठवण्यासाठी केलं, असं मी अक्कांना म्हटलं. त्या लगेच पटलं असं म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाव ज्याचा त्याला ठाऊक."

आमच्या मुलींनीही ही विमानं चालवली. २०१८ च्या फेब्रुवारीत अवनी चतुर्वेदीने जामनगरहून एकटीने मिग-२१ उडवलं, तसं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तिच्या आईला त्या अर्ध्या तासात काय वाटलं असेल तेही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्यातलं एक खोटं नाही.

विमान पुरं झालं तेव्हा चातुर्मास संपून महिना झाला होता. नंबर नाही, शस्त्र नाही, पंखाखाली माझा अंगठा. क्षेपणास्त्रांचे भाग चौकटीसकट खोक्यातच राहिले. दादांनी ते माडीवरच्या कपाटात ठेवलं, अटीप्रमाणे. आठवड्याने मी वर गेले तर कपाटाची काच पुसलेली होती आणि विमानाखाली अक्कांनी विणलेला पांढरा रुमाल घातलेला होता.

मी काही विचारलं नाही.